हायलाफॅक्स : जिनिंगच्या कार्यालयातील तीन हंगामांचा अनुभव

हिंगणघाट तालुक्यातील आमच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात फॅक्स अजूनही चालू आहे. कापूस येतो, रुई आणि सरकी वेगळी होते, १७० किलोच्या आसपासच्या गाठी बांधल्या जातात आणि त्या गाठींच्या सौद्याचे कागद दक्षिणेकडील दोन सूतगिरण्या व एक जुने दलाल आजही सही-शिक्क्यानिशी फॅक्सनेच पाठवतात. पूर्वी हा कागद यंत्रातून बाहेर पडून टेबलावर राहत असे, आणि मालक नागपूरला किंवा शेतावर असले की तो त्यांच्यापर्यंत पोहोचायला संध्याकाळ होई. आलेला फॅक्स आपोआप पीडीएफ होऊन मेलवर जावा, एवढीच आमची गरज होती. त्यासाठी कार्यालयातील लहान सर्व्हरवर हायलाफॅक्स बसवले. तीन हंगाम वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे.

हायलाफॅक्स हे संगणकावरून फॅक्स घेण्या-पाठवण्याचे मुक्त सॉफ्टवेअर आहे. सॅम लेफ्लर यांनी सिलिकॉन ग्राफिक्समध्ये असताना ते फ्लेक्सफॅक्स या नावाने लिहायला घेतले होते. पुढे नाव बदलले आणि अनेकांनी ते सांभाळले. डेबियन लिनक्सच्या भांडारातून ते विनामूल्य मिळते. आमच्याकडे जुना डेस्कटॉप सर्व्हर म्हणून वापरात होताच. नागपूरच्या सीताबर्डीवरून एक बाहेरचा यूएसबी फॅक्स-मोडेम आणला, एवढाच खर्च. मात्र मोडेम घेताना तो फॅक्स क्लास, म्हणजे फॅक्ससाठीच्या ठरावीक आज्ञा, स्वतः समजणारा असावा, हे दुकानदाराला स्पष्ट विचारावे. संगणकाच्या आत बसणारे स्वस्त मोडेम बरेचसे काम विंडोजच्या ड्रायव्हरवर सोडतात आणि लिनक्सवर ते निरुपयोगी ठरतात.

या प्रणालीचा खरा गुण तिच्या रचनेत आहे आणि तो समजल्याशिवाय तिची दुरुस्ती करता येत नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. फॅक्सगेटी नावाचा कार्यक्रम (प्रोग्राम) मोडेमपाशी पहारा देतो, घंटी वाजली की फोन उचलतो आणि समोरच्या यंत्राशी बोलणी करून पाने उतरवून घेतो. उतरवलेला फॅक्स टिफ या चित्र-फाइलच्या रूपात आवक-रांगेच्या फोल्डरमध्ये ठेवला जातो. त्यानंतर दुसरी एक स्क्रिप्ट जागी होते, फॅक्सडिस्पॅच नावाच्या छोट्या फाइलमधून ‘कोणाला आणि कोणत्या स्वरूपात’ हे वाचते, पीडीएफ तयार करते आणि ते सर्व्हरवरील मेल-कार्यक्रमाच्या, आमच्याकडे पोस्टफिक्सच्या, हवाली करते. पोस्टफिक्स ते बाहेरच्या मेल सेवेकडे नेतो. प्रत्येक टप्पा स्वतंत्र आहे आणि प्रत्येक टप्प्याची नोंद वेगळ्या लॉगमध्ये होते. त्यामुळे ‘फॅक्स आला नाही’ या एका वाक्यामागे चार-पाच अगदी निराळे आजार असू शकतात, आणि नोंदी नीट वाचल्या तर नेमका कोणता, हे दहा मिनिटांत कळते. आमचे मुनीमजी पहिल्या हंगामात रोज म्हणत, “तिकडून पाठवला म्हणते, इकडं तर काईच नाई आलं जी.” त्यातले जवळजवळ सगळे फॅक्स प्रत्यक्षात आलेले होते. ते आवक-रांगेत सुखरूप पडून होते. फक्त मेल निघाला नव्हता.

पहिली अडचण आमच्याच हातची होती. फॅक्सडिस्पॅच ही वरकरणी साधी सेटिंगची फाइल दिसते, पण प्रत्यक्षात ती शेल-स्क्रिप्टचा, म्हणजे लिनक्सच्या आज्ञा चालवणाऱ्या शेलसाठी लिहिलेल्या मजकुराचा, तुकडा आहे. तिथे मेल-पत्त्याच्या ओळीत बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मी मोकळी जागा सोडली होती. वहीत लिहिताना ती सुबक दिसते, पण शेल त्या ओळीला मूल्य न समजता आज्ञा समजते आणि पत्ता रिकामाच राहतो. पत्ता दुरुस्त केला तरी मेल जाईना, कारण ती फाइल मी विंडोजच्या नोटपॅडमध्ये उघडून जतन केली होती आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य चिन्ह चिकटले होते. ते पत्त्याचाच भाग झाले. ही दोन कारणे शोधण्यात माझे दोन दिवस गेले. ज्यांना ही प्रणाली बसवायची आहे त्यांनी ही फाइल सर्व्हरवरच, लिनक्सच्या संपादकात लिहावी, आणि बदल केल्यावर शेजारच्या दुकानातून एक खरा फॅक्स मागवून पाहावा.

दुसरी घटना अधिक गंभीर होती आणि हायलाफॅक्सची एक खरी मर्यादा तिच्यामुळे माझ्या लक्षात आली. दिवाळीच्या आधी कार्यालयाच्या मेल-खात्याचा पासवर्ड बदलला गेला, आणि सर्व्हरवर ठेवलेला जुना तसाच राहिला. त्यानंतर आलेला प्रत्येक फॅक्स व्यवस्थित उतरला, त्याचे पीडीएफ झाले, ते पोस्टफिक्सच्या स्वाधीन झाले, आणि हायलाफॅक्सच्या दृष्टीने काम संपले. पोस्टफिक्स मात्र बाहेरच्या दारावर थांबून राहिला. मूळ सेटिंगमध्ये तो असा मेल ५ दिवस पुन्हा पुन्हा पाठवून पाहतो, मधल्या काळात विलंबाची सूचना देत नाही, आणि शेवटी मेल पाठवणाऱ्याकडे परत करतो. आमच्याकडे पाठवणारा म्हणजे सर्व्हरवरचे फॅक्सचे स्थानिक खाते, जे कोणीच उघडत नव्हते. सुट्टीनंतर कार्यालय उघडले तेव्हा एका गिरणीचा तीन वेळा पाठवलेला कागद आम्ही ‘मिळाला नाही’ म्हणून चौथ्यांदा मागत होतो. तो तिन्ही वेळा आमच्याच खोलीतील डिस्कवर होता. त्या गिरणीच्या माणसांसमोर मला फार वाईट वाटले, कारण त्यांची कोणतीही चूक नसताना आम्ही त्यांच्या यंत्रावर शंका घेतली होती.

मर्यादा अशी की, मेल जात नाही ही तक्रारसुद्धा ही प्रणाली मेलनेच करते. रस्ता बंद असल्याची बातमी त्याच बंद रस्त्याने येणार असेल तर ती येणारच नाही. हे हायलाफॅक्सचे न्यून म्हणावे की बसवणाऱ्याचा निष्काळजीपणा, यावर मी बराच विचार केला. माझ्या मते दोष बसवणाऱ्याचा अधिक आहे. स्क्रिप्टने मेल स्वीकारणाऱ्याच्या हाती दिला. पुढचे तिला कळण्याचा मार्ग नाही. पण नवख्या माणसाला हे कुठेतरी ठळकपणे सांगितलेले असायला हवे होते. आता माझी तपासणीची पद्धत ठरलेली आहे : आधी आवक-रांगेत फाइल आहे का ते पाहतो, असेल तर फोन, मोडेम आणि समोरचे यंत्र हे तिन्ही निर्दोष ठरतात, मग पोस्टफिक्सची रांग पाहतो, तिथे मेल अडकलेले असतील तर बाहेरचे दार बंद आहे, रांग रिकामी असेल तर मेल-लॉग आणि शेवटी इनबॉक्सचा स्पॅम विभाग. पासवर्ड बदलताना आणखी एक खाच लक्षात ठेवावी. पोस्टफिक्स पासवर्डची लिहिलेली फाइल वाचत नाही, तिच्यापासून तयार केलेली तक्त्याची फाइल वाचतो. म्हणून बदलानंतर पोस्टमॅप ही आज्ञा चालवावी लागते, नाहीतर डोळ्यांसमोर नवा पासवर्ड दिसत असतो आणि प्रत्यक्षात जुनाच वापरला जात असतो. अनेक मोठ्या मेल सेवांना आता कार्यक्रमांसाठी वेगळा अ‍ॅप-पासवर्ड लागतो, हेही ध्यानात घ्यावे.

बाकीच्या अडचणी आमच्या भागाच्या परिस्थितीतून आल्या. वीज क्षणभर जाऊन येते तेव्हा यूएसबी मोडेम स्वतःला नव्याने नोंदवतो आणि कधीकधी त्याला शून्य क्रमांकाऐवजी एक क्रमांकाचे नाव मिळते. फॅक्सगेटी जुन्याच नावाच्या दारावर उभा राहतो आणि फोन वाजत राहतो. मोडेमला त्याच्या ओळख-क्रमांकावरून कायमचे नाव देणारा नियम लिहिल्यावर हे थांबले. डेस्कटॉपसाठी असलेला मोडेम-मॅनेजर नावाचा कार्यक्रमही काढून टाकावा, कारण तो मोबाइल डोंगल शोधण्याच्या नादात फॅक्स-मोडेमला मध्येच छेडतो. विजेचेच दुसरे दुखणे घड्याळाचे होते. जुन्या संगणकाची आतली बॅटरी संपली होती, सर्व्हर चालू होताना इंटरनेट नव्हते आणि घड्याळ कित्येक वर्षे मागे गेले. मेल पोहोचले, पण त्यांवर जुनी तारीख पडली, आणि मुनीमजींच्या थंडरबर्ड या मेल वाचण्याच्या कार्यक्रमात तारखेप्रमाणे मांडणी असल्याने ते यादीच्या तळाशी जाऊन बसले. आम्ही लॉग तपासत होतो, सर्व नोंदी यशस्वी होत्या, आणि तरीही मेल दिसत नव्हता. एका लहान बटन-बॅटरीने तो प्रश्न सुटला.

मागच्या हंगामात तांब्याची तार जाऊन फायबर आले आणि पहिल्यांदाच दोष खरोखर लाइनकडे गेला. फॅक्सगेटी फोन उचलत होता, पण पहिल्या-दुसऱ्या पानावर बोलणी तुटत होती. कारण असे आहे की फायबरच्या पेटीतील फोनची जागा आवाजाचे लहान लहान तुकडे करून पाठवते. एखादा तुकडा हरवला तर माणसाच्या कानाला कळत नाही, पण फॅक्सचा मोडेम त्या आवाजातच अक्षरांचे ठिपके वाचत असतो, त्याला पानाच्या ओळी गमवाव्या लागतात. यासाठी टी.३८ नावाचे वेगळे मानक १९९८ पासून आहे, परंतु आमच्या जोडणीवर ते उपलब्ध नव्हते. तालुक्याच्या तंत्रज्ञाने पेटीतील आवाज पाठवण्याची पद्धत आवाज कमी आवळणारी, म्हणजे जी.७११ करून दिली, आणि मी हायलाफॅक्सच्या सेटिंगमध्ये स्वीकारण्याचा कमाल वेग सेकंदाला १४,४०० बिटवरून ९,६०० बिटवर आणला. पान उतरायला आता थोडा अधिक वेळ लागतो, पण तुटत नाही. फायबरवर फॅक्स चालवणाऱ्यांनी मोडेम बदलण्याआधी वेग उतरवून पाहावा. या प्रणालीतील प्रत्येक संभाषणाचा स्वतंत्र लॉग इथे अमूल्य ठरला. कोणत्या क्षणी, कोणत्या वेगावर बोलणी फिसकटली हे त्यात ओळीने लिहिलेले असते. आमच्या जुन्या फॅक्स यंत्राने अशा वेळी केवळ ‘त्रुटी’ असा एक शब्द छापला असता.

तांबे असताना मृगाच्या विजांनी एक मोडेम जाळला होता. फोनच्या तारेवरही सर्ज-प्रोटेक्टर लावावा, एवढेच त्याबद्दल सांगतो.

ही प्रणाली कोणासाठी नाही, हेही सांगायला हवे. आलेल्या फॅक्सचे मेलमध्ये रूपांतर करणारी मोठी बहुउपयोगी यंत्रे बाजारात आहेत; ज्या कार्यालयात लॉग वाचणारा एकही माणूस नाही, तिथे तेच यंत्र बरे. हायलाफॅक्सची सगळी माहिती इंग्रजीत आहे आणि काम काळ्या पडद्यावर आज्ञा लिहून करावे लागते. फॅक्स कोणाचा आहे हे पाहून वेगवेगळ्या माणसांना मेल पाठवण्याची सोय फॅक्सडिस्पॅचमध्ये आहे आणि ती मला फार आवडली. परंतु पाठवणाऱ्याच्या यंत्रात त्याचा क्रमांक कोणी भरलेलाच नसेल तर ती सोय उपयोगाची राहत नाही. आमच्या एका गिरणीचा क्रमांक रिकामाच येतो, म्हणून ओळख न पटलेला प्रत्येक फॅक्स आम्ही मुनीमजींकडे वळवला आहे. जुने फॅक्स ठरलेल्या दिवसांनी पुसणारा फॅक्सक्रॉन नावाचा कार्यक्रमही सोबत येतो. त्याचा अवधी मी पूर्ण हंगामाइतका वाढवून ठेवला आहे, कारण आवक-रांगेतील मूळ फाइल हाच आमचा शेवटचा आधार आहे हे दिवाळीने शिकवले.

दिवाळीच्या त्या प्रकारानंतर फॅक्सडिस्पॅचमध्ये मी आणखी एक ओळ लिहिली : मेल पाठव, आणि त्याच वेळी फॅक्सची प्रत काट्याजवळच्या प्रिंटरवरही छाप. कागदाचा खर्च थोडा वाढला, पण दुसरा रस्ता तयार झाला. या जानेवारीत मेल पुन्हा अडकला. दुपारी मुनीमजी प्रिंटरवरचा कागद घेऊन आत आले आणि म्हणाले, “साहेब, मेलात काई दिसत नाई, पण सौदा आला जी.” सही करून तो पोच-कागद आम्ही त्याच दुपारी परत पाठवला, आणि पोस्टफिक्सच्या रांगेकडे मी त्यानंतर वळलो.