प्रशिक्षकांच्या ट्रेनिंगचं अनुदान: आठ महिन्यांनंतर (१,७०० रुपये अजून यायचे आहेत)

हॅझार्डस लायसनचा, म्हणजे पेट्रोल-अमोनियासारखा धोकादायक माल वाहायच्या परवान्याचा, ड्रायव्हरांसाठीचा तीन दिवसांचा कोर्स इथल्यांना माहीत आहे, ते परत सांगत नाही. तो कोर्स शिकवणाऱ्या मास्तरांसाठी पुण्याजवळ पाच दिवसांचा वर्ग होता आणि त्याला एका ट्रस्टचं अनुदान होतं. वास्कोच्या आमच्या टँकरवाल्यांतून दोघे गेलो. फी, राहणं, जेवण त्यांचं. प्रवासखर्च आधी आपण करायचा आणि मूळ तिकिटं लावून मागून घ्यायचा. घोडं इथंच पेंड खातंय.

मडगावहून रात्रीची बस, जाऊन-येऊन १,७०० रुपये. तिकिटं त्या गुळगुळीत कागदावरची, त्यांची अक्षरं उडतात हे ठाऊक होतं. म्हणून परत आल्याआल्या शहाणपणा केला आणि दोन्ही लॅमिनेट करायला दिली. मशीनमधून बाहेर आली ती करपलेल्या पापडासारखी, काळीकुट्ट. उष्णता लागली की काळा पडणारा कागद, तो मी तापलेल्या रोलरमधून काढून घेतला. आणि मी कोण, तर कुठला माल उन्हापासून कसा जपायचा ते शिकवणारा मास्तर! दुकानदाराने चाळीस रुपये घेतले ते वेगळेच. बँकेचा उतारा पाठवला, बुकिंगचा मेसेज पाठवला. तीनदा एकच उत्तर आलं: मूळ तिकीट सुवाच्य असावे.

त्या रागात पहिल्या महिन्यात मी या वर्गाला पाचपैकी दोन स्टार दिले होते. आज चार देतोय, आणि त्याचं कारण तिसरा दिवस.

पहिले दोन दिवस मी जांभया दिल्या. बावीस वर्षं टँकर चालवलाय. टँकरवरच्या धोक्याच्या प्लेटवर मालाचा नंबर असतो; १२०३ म्हणजे पेट्रोल, १००५ म्हणजे अमोनिया हे मला झोपेतून उठवून विचारा. तिसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी मलाच पंधरा मिनिटं फळ्यापाशी उभं केलं आणि मोबाइलवर शूटिंग करून ते सगळ्यांदेखत दाखवलं. पंधरापैकी नऊ मिनिटं माझी पाठ वर्गाकडे. वर अमोनिया हवेपेक्षा हलका, वर निघून जातो, असं मी ठासून सांगत होतो. बाई म्हणाल्या, टाकीतून फुटून निघालेला अमोनिया थंडगार असतो, दमट हवेत त्याचा ढग होतो आणि तो जमिनीलगत सरकतो. मला वास्कोजवळची चिखली आठवली. जानेवारी २०१८ मध्ये तिथं अमोनियाचा टँकर उलटला तेव्हा मध्यरात्रीनंतर लोकांना अंथरुणातून उठून घरं सोडावी लागली होती. इतकी वर्षं मी तेच चुकीचं सांगत आलो होतो.

आता माझ्या वर्गात मी कमी बोलतो. गाडीवरच्या धोक्याच्या प्लेटची मोठी प्रत अंगणात लावतो, ड्रायव्हरला तिच्यासमोर उभा करतो, गाडी लीक झाली असं समजून फोन करायला लावतो आणि मी आत बसून तो उचलतो. गाडी कुठं, मालाचा नंबर काय, वारा कुठून, क्लीनर कुठं. पहिल्या खेपेला जवळजवळ सगळे एवढंच म्हणतात, “साहेब, गाडी लीक झाली.” मालाचा नंबर त्या प्लेटवर नाकासमोर असतो, पण तोंडातून येत नाही. दुपारी वारा समुद्राकडून, रात्री जमिनीकडून, हे वास्कोच्या पोराला सांगावं लागत नाही; हुबळीच्या ड्रायव्हरला सांगावं लागतं.

सातव्या महिन्यात खरा फोन आला. डिझेलची गाडी, बोरी पुलाच्या अलीकडे. “मास्तर, १२०२, मागच्या व्हॉल्व्हला थेंब थेंब. गाडी कडेला, इंजिन बंद, क्लीनर मागून गाड्या थांबवतोय, वारा नदीकडून. ११२ ला सांगितलं. आता काय करू?” मी म्हटलं, सगळं केलंस, आता लांब उभा राहा आणि विडी पेटवू नकोस. गॅस्केट गेलं होतं, बाकी काही नाही. दोनाचे चार स्टार झाले ते असे.

पाचवा मात्र नाही, आणि तो तिकिटांमुळे नाही. बरं, थोडा तिकिटांमुळेही. मिळालेली ट्रेम कार्डं (माल सांडला-पेटला तर काय करायचं ते सांगणारी, गाडीत ठेवायची कार्डं) सगळी इंग्रजीत. ड्रायव्हरला राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातली एक भाषा आणि इंग्रजी वाचता-लिहिता यावं असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ९ म्हणतो खरा. माझ्यासमोर बसतो त्याला इंग्रजीत जेमतेम सही येते. कोकणी, मराठी, कानडी प्रती मी पदरच्या पैशाने काढल्या.

आणि पैसा मास्तरापाशी येऊन थांबतो. बाईंनी सांगितलं, अमेरिकेतही अशा प्रशिक्षकांसाठी सरकारी अनुदान आहे, आणि त्याचा पैसा धोकादायक माल पाठवणाऱ्या-वाहणाऱ्यांच्या नोंदणी फीमधून येतो. ज्याचा माल त्याचा खर्च, हे मला पटलं. इथं तीन दिवस वर्गात बसला की ड्रायव्हरचा तीन दिवसांचा भत्ता जातो, तो कोण देणार? मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून या लायसनचं नूतनीकरण तीन वर्षांनी, तेही एका दिवसाच्या उजळणीवर. एकदा गेलेला माणूस तीन वर्षांनी दिसणार.

पुढच्या तुकडीला जाणार असाल तर जा. तिकिटाचा फोटो बसमध्येच काढा.

माझी दोन्ही काळी तिकिटं कपाटात आहेत. दिव्यासमोर तिरपं धरलं तर ‘मडगाव’मधला म दिसतो, असं बायको म्हणते. मला दिसत नाही. चौथ्या मेलला तीच जोडून पाठवतोय.