पाच किलोची सॅक, दहा महिने, ३१ रात्री

गेल्या ऑक्टोबरात मी ट्रेकच्या सॅकमधली एकेक वस्तू स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवली आणि वजनं वहीत लिहून काढली. बायको म्हणाली, "ज्या काट्यावर रवा मोजते त्यावर मोजे ठेवू नकोस." मोजे नुसत्या अंदाजाने लिहिले. बाकीची बेरीज मात्र खरी होती: अन्न, पाणी आणि इंधन सोडून ११ किलो ६५० ग्रॅम. यात तंबूच २ किलो ९०० आणि रिकामी सॅक २ किलो ३००. म्हणजे काहीही भरण्याआधीच पाच किलो पाठीवर!

त्यानंतर टप्प्याटप्प्याने सामान बदललं. आज तीच बेरीज ५ किलो १५० ग्रॅमवर आहे. या सामानानिशी नोव्हेंबरात रतनगड–कात्राबाई खिंड–कुमशेत–पाचनई–हरिश्चंद्रगड, मार्चच्या सुरुवातीला राजगड–तोरणा–रायगड, मेमध्ये पश्चिम बंगाल–नेपाळ सीमेवरचं सांदकफू शिखर, आणि मधल्या शनिवार-रविवारी जे जमेल ते असं फिरलो. एकूण ३१ रात्री बाहेर काढल्या. विकत घेतल्या दिवशी लिहिलं असतं तर सगळ्याचं कौतुकच केलं असतं. आता तसं नाही.

आधी सॅक. जुनी ७० लिटरची होती, नवी ४५ लिटरची, बिनफ्रेमची, ८५० ग्रॅमची. सगळं भरून दहा किलोपर्यंत ती अंगाला चिकटून राहते, चालताना विसरायला होते. दहाच्या वर गेलात की खांदे बोलायला लागतात, कारण वजन कमरेवर उतरवायला आत फ्रेमच नाही. भरायची पद्धतही बदलावी लागते. कॅरीमॅट गुंडाळून बाहेर बांधायची नाही. ती आत नळीसारखी उभी उलगडायची आणि तिच्या पोटात सामान भरायचं, म्हणजे तीच फ्रेमचं काम करते. हे कळायला मला दोन ट्रेक लागले. तोवर भांड्याची कड पाठीत टोचत होती.

कापडाबद्दल माझी तक्रार आहे आणि ती मोठी आहे. ही हलकी कापडं ज्या वाटा डोळ्यांसमोर ठेवून विणली जातात, तिथे करवंदीच्या जाळ्या नसाव्यात. कात्राबाईच्या जंगलात वाट चुकलो आणि वीस-पंचवीस मिनिटं करवंदीतून रांगत निघालो. बाहेर आलो तेव्हा बाजूचा जाळीचा खिसा उसवून लोंबत होता आणि त्यातली लिटरभर पाण्याची बाटली गायब. दोन महिन्यांनी खांद्याच्या पट्ट्याची शिवणही मुळापाशी उकलली. ज्यांच्याकडून घेतली त्यांना फोटो पाठवले. "वापर जास्त झालाय" असं उत्तर आलं. ट्रेकची सॅक वापरायची नाही तर काय करायची! शेवटी स्टेशनबाहेरच्या मोचीकाकांकडे गेलो. त्यांनी कापड बोटांत चुरगाळून पाहिलं आणि विचारलं, "छत्रीचं आहे का?" मग म्हणाले, नुसती सुई घातली तर अजून फाटेल. आतून रेक्झिनचा तुकडा लावून जाड काळ्या दोऱ्याने दुहेरी टाके मारून दिले. ८० रुपये. आता सॅकमधली सर्वांत भक्कम जागा तीच आहे.

तंबू काढून ताडपत्री घेतली, हा बदल मला सर्वांत जास्त पटला. सिलिकॉनचा लेप दिलेल्या नायलॉनचं तीन मीटर बाय अडीच मीटरचं कापड, दोऱ्या आणि आठ खुंट्या मिळून ६५० ग्रॅम. खांब म्हणून चालायच्या काठ्याच वापरायच्या. पण खरी गंमत वहीत आहे: ३१ रात्रींपैकी ती प्रत्यक्ष बांधली फक्त ९ वेळा. बाकी रात्री कुठे गेल्या? राजगडावर पद्मावतीच्या देवळात, तोरण्यावर मेंगाईच्या देवळात, हरिश्चंद्रगडाच्या गुहेत, गावातल्या मारुतीच्या देवळात, शाळेच्या ओट्यावर, कुणाच्या तरी पडवीत. आपल्याकडे डोंगरात डोक्यावर छप्पर मिळायची शक्यता इतकी असताना मी इतकी वर्षं तीन किलोचा तंबू का वाहत होतो, याला माझ्याकडे उत्तर नाही. मात्र शनिवारी रात्री गुहेत पाय ठेवायला जागा नसते, म्हणून ताडपत्री सोबत हवीच.

पावसात तिचं खोटं उघडं पडतं. हे कापड भिजलं की ताणतं. जुलैत संध्याकाळी सतारीसारखी ताठ बांधलेली ताडपत्री रात्री अकराला पोटासारखी खाली आली होती आणि मधोमध घागरभर पाणी साचलं होतं. उठून दोऱ्या ओढल्या. दोन वाजता पुन्हा. चारला मी नाद सोडला, सॅक डोक्यावर घेऊन बसून राहिलो. सह्याद्रीच्या पावसाळी मुक्कामाला माझं मत सरळ आहे: गावात झोपा.

पांघरायला स्लीपिंग बॅगऐवजी सिंथेटिक रजई घेतली, ८०० ग्रॅम. अंगाखाली दबलेलं भरण ऊब देत नाही, म्हणून खालची बाजू आणि चेन कापूनच टाकायची, हा त्यामागचा हिशेब. पिसांची याहून हलकी मिळते, पण पिसं ओली झाली की त्यांचा गोळा होतो आणि ऊब संपते. आपल्या दमट हवेत मी तो धोका घेतला नाही. जानेवारीत हरिश्चंद्रगडावर पहाटे माझ्या छोट्या थर्मामीटरवर ७ अंश होते. कानटोपी, सगळे कपडे अंगावर आणि रजई, एवढ्यात निभावलं. त्रास झाला तो खालून. हौसेने कॅरीमॅट कापून पाऊण केली होती, पाय रिकाम्या सॅकवर टाकायचे म्हणून. गवतावर ते चालतं. गुहेतला कातळ मात्र पोटऱ्यांतून थंडी आत सोडतो. कापलेला तुकडा फेकला नव्हता हे नशीब. थंडीत आता तोही बरोबर असतो. सांदकफूला (३,६३६ मीटर) लॉजमध्ये जाड रजया मिळाल्या, त्यामुळे तिथे माझ्या रजईची परीक्षा झालीच नाही.

चुलीबद्दल जपून सांगतो. सोड्याच्या कॅनची स्पिरिटवर चालणारी चूल मी घरीच केली, वजन जेमतेम १५ ग्रॅम, आणि चार मित्रांना दाखवत फिरलो. स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही. रतनगडावर भर दुपारी विझली समजून मी वरून आणखी स्पिरिट ओतलं. भप्पकन आवाज झाला, उजव्या हातावरचे केस मनगटापासून कोपरापर्यंत गेले, आणि अर्धा लिटर चहाचं पाणी दगडांवर. कातडी वाचली. आता गॅसचं कॅनिस्टर आणि छोटा बर्नर नेतो. कॅनिस्टर विमानात चालत नाही, रेल्वेतही नाही, त्यामुळे लांबच्या ट्रेकला ते पोचल्यावरच घ्यावं लागतं. एकटा असलो तर चूल घरीच ठेवतो. दशम्या, गूळ-शेंगदाणे, खजूर आणि पाण्यात कालवायला सातूचं पीठ. दोन दिवसांना एवढं पुरे, तिसऱ्या दिवशी गावात भाकरी मिळतेच.

कार्बनची काठी घेऊ नका. तोरण्याहून रायगडाकडे जाताना सिंगापूरच्या नाळेतून (ही सह्याद्रीतली उतरती घळ) उतरताना दोन धोंड्यांमध्ये टोक अडकलं, मी पुढे गेलो, काठी मागे राहिली, काडीसारखी कट्. अॲल्युमिनियमची वाकली असती. गुडघ्यावर ठेवून सरळ केली असती. पन्नास-साठ ग्रॅमसाठी हा सौदा वाईट. जाळीच्या हलक्या बुटांबद्दल एकच ओळ: लवकर वाळतात, घसाऱ्यावर पाय कळतो, आणि बाभळीचा काटा तळातून थेट आत येतो.

आता पाणी. हलक्या सामानाच्या परदेशी याद्यांमध्ये टूथब्रशचा दांडा कापायला सांगतात. सहा ग्रॅम वाचतात म्हणे. मार्चमध्ये राजगड सोडून संजीवनी माचीवरून तोरण्याच्या सोंडेला लागलो तेव्हा माझ्याकडे साडेचार लिटर पाणी होतं, म्हणजे साडेचार किलो. पाण्याला हलकं मॉडेल नाही. जुन्या सामानाबरोबर मी तीन लिटरच घ्यायचो, कारण त्याहून जास्त उचलवत नव्हतं, आणि दुपारी दोननंतर घोट मोजत बसायचो. यंदा तोरण्याच्या बुधला माचीखाली पोचलो तेव्हा दीड लिटर शिल्लक होतं आणि डोकं दुखत नव्हतं. सामानात वाचवलेल्या साडेसहा किलोंपैकी दीड मी असे परत पाठीवर घेतले आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. थंडीत, गडावरची टाकी भरलेली असताना, हा हिशेब वेगळा. तेव्हा दोन लिटरवर भागतं.

कुमशेतला ज्यांच्या पडवीत झोपलो त्या मामांनी माझी सॅक एका हाताने उचलून पाहिली. "येवढीच? मुक्काम नाय का?" मी अभिमानाने आकडे सांगितले. ते स्वतः दोन दिवस गुरांमागे रानात जायला निघाले होते: खांद्यावर घोंगडी, कमरेला कोयता, फडक्यात भाकरी. घोंगडी माझ्या रजईच्या दुपटीहून जास्त भरेल, पण तीच त्यांचं अंथरूण, पांघरूण आणि पावसात डोक्यावरची खोळ. एमा गेटवुड नावाच्या अमेरिकन बाईंनी १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, अमेरिकेतल्या ॲपलाचियन ट्रेल या लांब पायवाटेचे तीन हजारांहून जास्त किलोमीटर एका घरी शिवलेल्या पिशवीवर आणि न्हाणीघराच्या प्लॅस्टिकच्या पडद्यावर काढले होते. मामांना हे सांगितलं. "बाईनं कोयता न्हेला व्हता का?" त्यांनी विचारलं. मला सांगता आलं नाही.

या दिवाळीनंतर नाणेघाट ते भीमाशंकर करायचं आहे. तोवर दोन गोष्टी बदलणार. सॅकच्या बाजूचे जाळीचे खिसे काढून तिथे जाड कॅनव्हास लावून घेणार, मोचीकाकांशी बोलणं झालंय, दीडशे रुपये सांगितलेत. आणि खुंट्या दोन नव्या आणायच्या आहेत, कारण आठातल्या दोन त्या जुलैच्या रात्री चिखलात राहिल्या.