गणपतीला गावी: रेल्वे की महामार्ग?

कोकण रेल्वे 26 जानेवारी 1998 रोजी देशाला अर्पण झाली. त्याआधी पेडण्याच्या बोगद्यातल्या मऊ मातीने कामगारांचा जीव मेटाकुटीला आणला होता. पुढे 2003 आणि 2004च्या पावसाळ्यात वैभववाडी, करंजाडीला दरडींमुळे भीषण अपघात झाले. पण त्यातून धडा घेतला गेला: डोंगरउतारांना जाळ्या, पावसाळी वेळापत्रकात कमी वेग, रुळांवर गस्त. भर पावसात बत्ती घेऊन चालणारा गस्तवाला खिडकीतून दिसला, की मला निवांत झोप लागते.

मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011मध्ये सुरू झालं आणि भूसंपादन, ठेकेदारांचे घोळ यांतच वर्षानुवर्षं रुतलं. चिपळूणचा पूल तर बांधतानाच, 2023मध्ये कोसळला. खड्ड्यांमुळे आजीच्या कमरेखाली उशी द्यावी लागते. तिकीट मिळालं तर आम्ही रेल्वेनेच जातो.