ग्रे लिटरेचर: रजिस्ट्री, प्रबंध की संस्थांच्या वेबसाइट?

सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास ठरलेल्या पद्धतीने शोधून, पारखून घेतलेला आढावा) घेतला की मार्गदर्शक हमखास विचारतात, "ग्रे लिटरेचर बघितलं का?" म्हणजे नेहमीच्या जर्नलांबाहेरचं साहित्य. मग गुगलवर चार शब्द टाकून मिळतील त्या पीडीएफ गोळा केल्या जातात. पण सरकारी अहवाल, प्रबंध, प्रीप्रिंट (जर्नलच्या तपासणीआधीच ऑनलाइन टाकलेले शोधनिबंध), चाचण्यांच्या नोंदी हे सगळं एकाच नावाखाली येत असलं, तरी सापडतं वेगवेगळ्या ठिकाणी आणि त्याचा भरवसाही सारखा नसतो. वेळ मोजका असेल तर आपला प्रश्न कुठल्या जातीचा आहे, ते आधी ठरवा.

'उपचार लागू पडतो का' असा प्रश्न असेल, तर पहिलं पाऊल रजिस्ट्रीत, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांच्या सार्वजनिक नोंदवहीत: २००० साली सुरू झालेली क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह आणि जगभरच्या रजिस्ट्रींतल्या नोंदी एकत्र शोधता येणारं जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीटीआरपी पोर्टल. जोडीला औषध नियामकांचे परीक्षण अहवाल. का, ते २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून कळतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकाकडे नैराश्यावरच्या १२ औषधांच्या ७४ चाचण्यांची नोंद होती. नियामकाच्या मते त्यांतल्या साधारण ५१ टक्केच अनुकूल होत्या. नुसती जर्नल्स वाचणाऱ्याला मात्र छापून आलेल्या ९४ टक्के चाचण्या अनुकूल दिसत. त्यामुळे अशा विषयात रजिस्ट्री टाळायला कुठलीच सबब मला पटत नाही. त्रुटी एवढीच, की अनेक नोंदींत निकाल भरलेलेच नसतात. तरी नोंदीचा इतिहास उघडून बघा: मुख्य निष्पत्ती (चाचणीत मुख्यतः काय मोजायचं ते) मध्येच बदलली असेल तर ती तिथे पकडता येते.

प्रश्न धोरणाचा किंवा प्रत्यक्ष अंमलबजावणीचा असेल, तर रजिस्ट्रीत फारसं काही हाती लागणार नाही. इथे संस्थांच्या वेबसाइटच कामाच्या. आधी संस्थांची यादी करा, मग एकेक साइट चाळा. साइटचा स्वतःचा शोध गचाळ असेल (बहुधा असतोच), तर गुगलचा शोध त्या साइटपुरता आणि पीडीएफपुरता मर्यादित करा. शोधशब्द, तारीख आणि किती निकाल पाहिले, हे तिथल्या तिथे टिपा. गुगल स्कॉलरवर विसंबू नका. एका शोधाचे १००० पेक्षा जास्त निकाल ते दाखवतच नाही. अहवालाच्या लिंका मरतात, म्हणून फाइल उतरवून ठेवा.

प्रबंध या दोन्हींच्या मधे बसतात. परीक्षकांच्या नजरेखालून गेलेले असतात, कार्यपद्धती सविस्तर असते. पण वाचायला वेळ खातात, आणि तीच माहिती पुढे शोधनिबंधात आलेली असेल तर एकच अभ्यास दोनदा मोजला जातो. प्रीप्रिंटलाही हाच धोका. ओपनग्रे या ग्रे लिटरेचरच्या युरोपीय डेटाबेसचं नाव जुन्या मार्गदर्शिकांत अजून दिसतं. ती सेवा बंद झाली आहे, तिच्यावर वेळ घालवू नका.

आता पारख. अहवालांसाठी 'एएकॉड्स' ही तपासयादी सोयीची: लेखकाचा अधिकार, अचूकता, व्याप्ती, वस्तुनिष्ठता, तारीख, महत्त्व. फ्लिंडर्स विद्यापीठातल्या जेस टिंडल यांनी ती २०१० साली मांडली. तिच्या जोरावर चाचणीच्या आकड्यांची पारख मात्र करू नका. तिथे रिस्क ऑफ बायसचं (अभ्यासाचा निकाल एका बाजूला झुकला असण्याचा धोका तपासणारं) नेहमीचंच साधन लावा, मग आकडे छापील असोत वा नसोत.

तपासयादी भरताना गुणांची बेरीज करण्यापेक्षा परिशिष्ट उघडा. समजा, सारांशात ठळक अक्षरांत लिहिलंय की ८० टक्के प्रशिक्षणार्थींना फायदा झाला. परिशिष्टात कळतं की प्रश्नावली फक्त प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्यांनाच दिली होती. मधेच सोडून गेलेल्यांना कुणी विचारलंच नाही. वर निधी देणारी आणि प्रशिक्षण राबवणारी संस्था एकच. असा अहवाल फेकून देऊ नका. कार्यक्रम कसा राबवला, हे सांगायला तो चालेल. परिणामाच्या तक्त्यात मात्र घेऊ नका.

परिषदेतल्या सारांशांवर पारख करण्याइतका मजकूरच नसतो. लेखकाला ईमेल करा, आणि उत्तर येईपर्यंत तो अभ्यास 'वर्गीकरण बाकी' या रकान्यात ठेवा.