राहतं शहर की नवं शहर? बिऱ्हाड हलवण्याआधीचा ताळेबंद

शहर बदलायचा विचार मनात आला की बहुतेक जण कागदाच्या मधोमध रेघ ओढतात. डावीकडे राहतं शहर, उजवीकडे नवं. डावीकडे तुंबलेले रस्ते, वाढलेलं भाडं, खुंटलेली नोकरी असं सगळं भराभर उतरतं. उजवीकडे मोकळी हवा, रुंद पदपथ आणि पगाराचा नवा आकडा. यातलं काहीच खोटं नसतं, तरीही काटा एका बाजूला कललेला असतो. डावीकडच्या शहरात तुम्ही वर्षानुवर्षं राहिला आहात. उजवीकडचं सुट्टीत पाहिलेलं असतं, नाहीतर तिथे गेलेल्या एखाद्या मित्राकडून ऐकलेलं. आणि गेलेला मित्र आपला निर्णय फसला असं सहसा कबूल करत नाही.

डेव्हिड श्केड आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली याच विषयावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या आणि कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, की तुम्ही आयुष्यात किती समाधानी आहात? दोन्हीकडची उत्तरं जवळपास सारखीच आली. मग विचारलं, तुमच्यासारखाच माणूस दुसऱ्या भागात राहत असेल तर तो किती समाधानी असेल? इथे मात्र दोन्ही गटांनी कॅलिफोर्नियाकरांना झुकतं माप दिलं. कारण मुख्यतः हवामान. दोन जागा शेजारी ठेवल्या की मन उठून दिसणाऱ्या फरकावर खिळतं. पण तिथे राहणारा माणूस दिवसभर हवामानाचा विचार करत नाही. परीक्षा, पैसे आणि घरातले रुसवेफुगवे त्यालाही चुकलेले नसतात.

म्हणून शहरं ताडून पाहण्याआधी तक्रारींची एक चाळणी लावावी. कुठली तक्रार शहराची आहे आणि कुठली सामानाबरोबर येणार आहे? पाणी, धूर, गोंगाट, भाडं, आपल्या कामाला मागणी नसणं या शहराच्या तक्रारी. वरिष्ठांशी खटके उडणं ही नोकरीची तक्रार, ती नोकरी बदलूनही सुटते. रात्री उशिरापर्यंत मोबाईल घेऊन पडून राहणं, व्यायाम न होणं, कुणाशी मनापासून बोलणं न होणं या सवयी नव्या पत्त्यावर पहिल्या महिन्यातच हजर होतात. उरलेल्या यादीत शहराच्या खात्यावरच्या दोनच तक्रारी असतील, तर दोन शहरांची तुलना करण्यात फारसा अर्थ नाही. आहे त्याच शहरात भाग बदलून किंवा नोकरी बदलून काम भागेल.

पगार वाढतो, पण हातात किती उरतो?

मोठ्या शहरात पगार जास्त असतो हे नुसतं ऐकीव नाही. लुई बेटनकोर्ट, जेफ्री वेस्ट या भौतिकशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली अनेक शहरांची आकडेवारी मांडली. शहराची लोकसंख्या दुप्पट झाली की दरडोई उत्पन्नासारख्या गोष्टी साधारण १० ते १५ टक्क्यांनी वाढतात, असा तो हिशेब होता. गंमत म्हणजे गुन्ह्यांचं प्रमाणही जवळपास त्याच चालीने वाढताना दिसलं. माणसं जास्त भेटतात म्हणून व्यवहार वाढतात, आणि माणसं जास्त भेटतात म्हणूनच लबाडीही वाढते.

शिवाय चांगल्या जागेची किंमत जमीनमालक आधीच वसूल करून घेतो. अर्थतज्ज्ञ जेनिफर रोबॅक यांनी १९८२ साली हे सूत्र नीट मांडलं: जिथे राहणं सुखाचं, तिथे भाडं चढं किंवा पगार उतरता, कारण सगळ्यांनाच तिथे राहायचं असतं. स्वस्त घर, भरपूर पगार आणि सुखाचं राहणं असं तिन्ही एकत्र देणारं शहर सापडलंच, तर ते तुमच्याआधी इतरांनाही सापडलेलं असतं.

तेव्हा पगाराची पगाराशी तुलना करू नका, शिल्लक शिल्लकीशी ताडा. समजा, आत्ताचा पगार १००. त्यातले २० भाड्यात जातात, ५० बाकी खर्चात, ३० उरतात. नव्या शहरात पगार १३०, भाडं ४५ आणि बाकी खर्च ५८ झाला, तर उरतात २७. पगारवाढीचे पेढे वाटून झाल्यावर हे कळलं तर फार उशीर झालेला असतो. त्यात अनामत, दलाली, सामानाची वाहतूक, काही दिवसांचं दुहेरी भाडं असा एकरकमी खर्च वेगळा. तो दोन महिन्यांच्या जुन्या पगाराइतका, म्हणजे २०० धरला आणि महिन्याला १० जास्त उरत असतील, तर नुसती बरोबरी व्हायला २० महिने लागतील. दीड वर्षात परतायचा बेत असेल, तर पैशासाठी जाण्यात हशील नाही.

पण या हिशेबात एक रकाना सुटतो, आणि तो नव्या शहराच्या बाजूने फार भारी असतो. तुमच्या कामाच्या डझनभर कंपन्या जिथे आहेत, तिथे एक नोकरी गेली तरी घर न हलवता दुसरी मिळू शकते. जिथे एकच कंपनी आहे, तिथे मालकाच्या मर्जीवर दिवस काढावे लागतात. खोर्गे दे ला रोका आणि दिएगो पुगा या अर्थतज्ज्ञांनी स्पेनमधल्या कामगारांची माहिती तपासून २०१७ साली दाखवलं, की मोठ्या शहरात मिळवलेल्या अनुभवाला जास्त मोल येतं आणि शहर सोडल्यावरही त्यातलं बरंचसं मोल टिकतं. पंचविशीतल्या माणसासाठी हा मुद्दा भाड्याच्या फरकापेक्षा मोठा आहे. पंचावन्नाव्या वर्षी तो जवळजवळ बाद होतो.

ये-जा: माझ्या मते सगळ्यात जड रकाना

इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केट्टी यांनी १९९४ साली एक जुनं निरीक्षण ठळकपणे पुढे आणलं. माणूस पायी चालत होता तेव्हाही आणि गाड्या आल्यावरही रोजच्या प्रवासाला सरासरी तासभरच देतो. वाहनं वेगवान झाली की वेळ वाचत नाही, शहर पसरतं. पण ही झाली सरासरी. तुम्ही शहराच्या कुठल्या टोकाला राहता आणि कुठल्या टोकाला काम करता, यावर तुमचा तास ठरतो.

आत्ता जायला २० मिनिटं लागतात आणि नव्या शहरात ६० लागतील असं धरा. जाऊन-येऊन रोज ८० मिनिटं जास्त. वर्षाला कामाचे २४० दिवस धरले तर ३२० तास, म्हणजे आठ तासांच्या पाळीचे ४० दिवस. हे बिनपगारी काम आहे. हा वेळ झोपेतून, मुलांच्या वाट्यातून किंवा स्वयंपाकातून वजा होतो. आणि पगाराचं पत्रक पाहून खूष होणारा माणूस आणि रात्री उशिरा ओटा आवरणारा माणूस एकच असेल असंही नाही. घरातल्या कोणाचा वेळ जाणार, तेही लिहून ठेवा.

लोक म्हणतात, सवय होते. मोठ्या घराची, सुंदर खिडकीची, चांगल्या हवामानाची सवय होते खरी, म्हणूनच त्यांचा आनंद ओसरतो. गर्दीतल्या प्रवासाची मात्र तशी होत नाही, कारण तो रोज वेगळ्या तऱ्हेने बिघडतो. अलॉइस श्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतली आकडेवारी तपासून २००८ साली दाखवलं, की ज्यांचा रोजचा प्रवास लांब, त्यांचं समाधान कमी. खरं तर लांबच्या प्रवासाची भरपाई चांगल्या पगाराने किंवा ऐसपैस घराने व्हायला हवी. ती पुरती होत नाही, असं त्यांना आढळलं.

म्हणून 'ते शहर चांगलं आहे का?' या प्रश्नाला पत्त्याशिवाय उत्तर नाही. कामाचं ठिकाण, परवडणारं घर आणि मुलांची शाळा हे तीन बिंदू नकाशावर टाका. तुमच्या आयुष्याचा बहुतेक वेळ त्या त्रिकोणातच जाणार आहे. त्याबाहेरचं प्रसिद्ध शहर, त्यातली उद्यानं, नाट्यगृहं, नदीकाठ हे सगळं पाहुण्यांना दाखवायला होईल. चांगल्या शहरातला वाईट त्रिकोण घेण्यापेक्षा साध्या शहरातला आटोपशीर त्रिकोण मी केव्हाही पसंत करीन. घरून काम करणाऱ्यांचं गणित अर्थात वेगळं. त्यांना हा रकाना जवळजवळ माफ आहे, पण घरून काम करण्याची मुभा नोकरीच्या करारात लिहिलेली आहे की नुसती साहेबांची कृपा आहे, तेवढं विचारून घ्यावं.

माणसं

राहत्या शहराची सगळ्यात मोठी ठेव कागदावर कधीच येत नाही, कारण ती फुकट मिळत असते. अडीअडचणीला शाळेतून मूल कोण आणेल, घराची दुसरी किल्ली कोणाकडे आहे, मध्यरात्री ताप चढला तर कोणता डॉक्टर फोन उचलेल. एकेकाचं नाव लिहा. नावांची यादी लांब असेल, तर डाव्या पारड्यात मोठं वजन आहे. नावंच आठवत नसतील, तर 'इथे आपली माणसं आहेत' हे वाक्य तुम्ही सवयीने म्हणत आहात.

नव्या जागी ही यादी तयार होते, पण सावकाश. अमेरिकेतले संवाद-अभ्यासक जेफ्री हॉल यांनी नुकत्याच गाव बदललेल्या लोकांनाही आपल्या पाहणीत घेतलं होतं. त्यांच्या अंदाजाने साधी ओळख जुजबी मैत्रीत बदलायला सुमारे ५० तासांचा सहवास लागतो, आणि जिवलग मैत्रीला २०० तासांहून जास्त. आठवड्याला तीन तास मिळाले तरी २०० तास भरायला सव्वा वर्ष जातं. पहिल्या वर्षी एकटं वाटलं तर शहर वाईट आहे असं नव्हे, तास भरलेले नाहीत इतकंच.

कामापुरत्या ओळखी मात्र लवकर होतात, आणि नोकरी बहुधा त्यांच्याकडूनच मिळते. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवलं, की ओळखीतून नोकरी मिळालेल्या बहुतेकांना ती बातमी क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्या माणसाने दिली होती. जवळच्या मित्रांना तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक असतं.

दुसरी बाजूही आहे. सगळेच शेजारपाजाराला मुकतात असं नाही, काहींची त्यातून सुटका होते. घटस्फोटानंतर, समाजाबाहेर लग्न केल्यावर, एकटीने राहायचं ठरवल्यावर जिथे कोणी चौकशी करत नाही असं शहर हीच मोठी सोय असते. तिथे शिल्लक ३ ने कमी झाली तरी सौदा महाग नाही. आईवडील थकलेले असतील तर उलट. तिकडून निघून पोचायला किती तास लागतात हा आकडा तेव्हा पगाराच्या आकड्याशेजारी लिहावा.

मुलं असतील तर

इथे एक भक्कम पुरावा हाताशी आहे. अमेरिकेत १९९४ ते १९९८ दरम्यान पाच शहरांतल्या सुमारे ४,६०० गरीब कुटुंबांवर एक प्रयोग झाला. सोडत काढून काहींना कमी गरिबीच्या वस्तीत घर घेण्यासाठी भाड्याची मदत दिली. पुढे अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी त्या मुलांचा माग काढला. तेराव्या वर्षाच्या आत जी मुलं अशा वस्तीत गेली, त्यांची विशी-पंचविशीतली कमाई न हललेल्यांपेक्षा ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. तेरा वर्षांनंतर गेलेल्यांना फायदा दिसला नाही, उलट थोडा तोटाच जाणवला. यातून मी दोन गोष्टी घेईन. जायचं तर मुलं लहान असताना, दहावीच्या तोंडावर नव्हे. आणि फरक पडला तो वस्तीमुळे. बरीच कुटुंबं त्याच शहराच्या परिसरात राहिली होती. मात्र ही कुटुंबं अतिशय गरीब वस्त्यांतली होती. बऱ्या वस्तीतून थोड्या आणखी बऱ्या वस्तीत जाणाऱ्यांनी ३१ टक्क्यांची आशा धरू नये.

हवेचा रकाना थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली पीएम २.५ या सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमवर आणली. ती पाळणारी शहरं जगात मोजकीच आहेत, तेव्हा दोघांपैकी कोणतं कमी वाईट एवढंच पाहता येतं. वर्षाची सरासरी पाहूच नका, सगळ्यात वाईट महिना पाहा. घरात दमेकरी असेल तर त्याला त्या महिन्यातही तिथेच राहायचं आहे.

मग जायचं की राहायचं?

तुमच्या कामाला इथे एकच मालक असेल, मुलं लहान असतील किंवा मुलंच नसतील, किल्ली ठेवायला नावं सुचत नसतील, आणि तिकडे अर्ध्या तासाच्या आतलं घर शिल्लक न घटता मिळत असेल, तर जा. फक्त पगाराच्या आकड्याने मोह पडला असेल आणि ये-जा दुप्पट होणार असेल, तर राहा, किंवा याच शहरात त्रिकोण लहान करता येतो का ते पाहा.

दोन्ही पारडी समान वाटत असतील तर माझा कल जाण्याकडे आहे. अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांनी अशाच अडलेल्या लोकांना एका संकेतस्थळावर नाणेफेक करू दिली. वीस हजारांहून जास्त वेळा नाणं उडालं. ज्यांना नाण्याने 'बदल कर' सांगितलं त्यांनी बदल करण्याचं प्रमाण वाढलं, आणि मोठा बदल केलेले लोक सहा महिन्यांनी जास्त समाधानी आढळले. हा निष्कर्ष आधीच दोलायमान असलेल्यांपुरताच आहे, सुखाने बसलेल्यांना उठवण्यासाठी नाही.

जाताना परतीची वाट मोकळी ठेवा. पहिलं वर्ष तिकडे भाड्याने राहा, इकडचं स्वतःचं घर असेल तर विकू नका. भूगोलतज्ज्ञ अर्न्स्ट राव्हेनस्टाइन यांनी १८८५ साली स्थलांतराचे नियम मांडले, तेव्हाच नोंदवलं होतं की माणसांच्या प्रत्येक लोंढ्यासोबत उलट दिशेचा एक प्रवाह असतोच. परत येणारे लोक नापास झालेले नसतात.

त्याआधी एक फेरी मात्र कराच. सुट्टीत नको, आणि सगळ्यात वाईट ऋतूत. परवडेल त्याच भागात खोली घ्या, कामाच्या दिवशी सकाळी कचेरीच्या वेळेला निघा, संध्याकाळी त्याच गर्दीतून परत या, येताना भाजी आणा आणि रात्री खिडकी उघडी ठेवून झोपा.