भिंतीला मिटणारं टेबल : दहा महिने शिवून पाहिल्यावर

पहिल्या आठवड्यात लिहायला बसले असते तर या टेबलाचं नुसतं कौतुक केलं असतं. जानेवारीत लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या घातल्या असत्या. आता दहा महिने झाले, मधे जवळजवळ अख्खा पावसाळा गेला, दोन मोठ्या गोधड्या, तीन दुपटी आणि उशांचे अभ्रे किती ते मोजलेही नाहीत, एवढं शिवून झालं. म्हणून आता लिहिते.

आमचं घर डोंबिवलीत, वन बीएचके. माणसं चार : मी, नवरा, दहावीतला मुलगा आणि सासूबाई. आईचं काळं शिवणयंत्र माझ्याकडे आलं तेव्हापासून ते पलंगाखाली होतं. पायाचा स्टँड ठेवायला जागा नव्हती, म्हणून तो देऊन टाकला आणि मशीनला लाकडी बेस आणि मोटर बसवून घेतली. शिवायचं म्हटलं की वाकून अकरा-बारा किलोचं ओझं बाहेर ओढा, हॉलमध्ये पाटावर मांडा, मांडी घालून बसा, कोणी आलं की उचला. हे करून करून कंबर गेली आणि हौसही. माझी आजी साताऱ्याकडची, ती गोधडीला वाकळ म्हणायची. आईनं जपून ठेवलेली तिची दोन लुगडी ट्रंकेत होती. त्यांचं काहीतरी करायचं हे सहा वर्षं चाललं होतं, म्हणजे चाललं नव्हतं.

मग भिंतीला बसणारं, नको तेव्हा खाली मिटणारं टेबल दिसलं. लांबी ३६ इंच, रुंदी २४ इंच, खाली दोन लोखंडी कोन. वजन पेलण्याची क्षमता ४० किलो असं लिहिलेलं. किंमत ३,८०० रुपये, बसवायचे ४०० वेगळे. हॉलच्या बाल्कनीकडच्या टोकाला, बेडरूमच्या भिंतीलगत जागा नक्की केली. घरच्यांना सांगताना मी फक्त एकाच गोष्टीवर भर दिला होता : मिटतं. काम झालं की भिंतीला लागून जातं, कोणाच्या वाटेत येत नाही. त्या एका शब्दावर मंजुरी मिळाली. पुढे सगळी कटकट त्याच शब्दाची झाली.

आधी भिंतीचं सांगते, कारण हे टेबल घेणाऱ्यानं सगळ्यात आधी भिंत बघायला हवी आणि ते कोणीच सांगत नाही. आमची बिल्डिंग नव्वदच्या दशकातली. खोल्यांमधल्या भिंती अर्ध्या विटेच्या, म्हणजे साडेचार इंची. बसवायला आलेल्या मुलानं ड्रिल मारलं तेव्हा भोकातून रेतीच पडत होती. त्यानं भोकात स्क्रू धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकल्या, स्क्रू आवळले, हातानं दाबून दाखवलं, "बघा, हलतंय का?" नव्हतं हलत. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, मी चार थरांच्या कडेवर शिलाई मारत असताना, डावीकडचा कोन गिट्ट्यांसकट बाहेर आला. मशीन पडलं नाही कारण मी गुडघा लावला. निळा डाग पंधरा दिवस होता.

४० किलोचा आकडा खोटा असेल असं नाही. पण तो शांत पडलेल्या वजनाचा. मोटर लावलेलं मशीन भिंतीला मिनिटाला शेकडो हिसके देतं, त्यावर आपली कोपरं, वर ओल्या टॉवेलसारखी जड गोधडी, आणि हे सगळं भिंतीपासून दोन फूट बाहेर लोंबतंय. लॅपटॉपसाठी घेणार असाल तर हा परिच्छेद विसरा. मशीनसाठी घेणार असाल तर दोन गोष्टी केल्याशिवाय वापरू नका. ओळखीच्या सुतारानं भिंतीतून आरपार बोल्ट घातले आणि पलीकडे बेडरूममध्ये लोखंडी पट्टी लावून नट आवळले. ती पट्टी कपाटामागे जाते, म्हणून दिसत नाही. शिवाय टेबलाच्या बाहेरच्या कोपऱ्याला एक काढघालीचा पाय दिला. पाय आणि बोल्ट मिळून १,२५० गेले. नव्या बिल्डिंगमध्ये हलक्या सिमेंटच्या ब्लॉकच्या भिंती असतात, तिथे साधी गिट्टी याहून वाईट वागते असं सुतार म्हणाला. त्या ब्लॉकसाठी वेगळे अँकर मिळतात, ते मागून घ्या.

दुसरं, उंची. बसवणारे जेवणाच्या टेबलाच्या हिशेबानं तीस इंचांवर बसवतात. मशीन त्यावर ठेवलं की सुईखालची पट्टी आणखी काही इंच वर जाते, कारण लाकडी बेसचीही उंची असते. जुन्या पायाच्या मशीनचा पत्रा टेबलात बसलेला असायचा, हात सपाट राहायचे, हे तेव्हा कधी लक्षातच आलं नव्हतं. माझे खांदे आठवड्यात कानाला लागले. आरपार बोल्ट घालताना तेवढ्यात टेबल चार इंच खाली घेतलं, २६ वर. खुर्चीवर बसल्यावर मांडी आणि टेबलाच्या खालच्या बाजूत चार बोटं राहतात. उंच माणसाला हे जमणार नाही. माझी उंची पाच फूट एक.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली आणि ती कळल्यावर स्वतःच्याच डोक्यात टपली मारावीशी वाटली. मशीन कापड मागे ढकलतं. भिंतीकडे तोंड करून बसलं की कापड जाऊन भिंतीला आदळतं आणि तिथे गोळा होतं. ब्लाऊज, अभ्रा, पिशवी, काही अडत नाही. पण एकेरी गोधडी म्हणजे पाच बाय साडेसात फूट. ती भिंतीशी अडली की टाके आखूड पडायला लागतात, रेघ वाकडी जाते, आणि आपण मशीनला दोष देतो. मी दोन सुया मोडल्या, तेल घातलं, खालच्या दोऱ्याचं शटल साफ केलं, दोऱ्याचं टेन्शन फिरवून फिरवून होतं ते बिघडवलं. फेब्रुवारीत एका दुपारी सासूबाई शेजारी बसून बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, त्याला जायला जागाच कुठाय?"

तर आता मी भिंतीकडे तोंड करून बसतच नाही. टेबलाच्या अरुंद बाजूला बसते, भिंत उजव्या हाताला. कापड भिंतीलगत लांबीच्या दिशेनं सरकतं. चाक भिंतीला लागू नये म्हणून मशीन भिंतीपासून चार इंच लांब ओढलंय. डावीकडे, जिथे गोधडीचा सगळा भार लोंबतो, तिथे इस्त्रीचं टेबल त्याच उंचीला आणून ठेवते. हे करायला लागल्यापासून रेघ सरळ येते. भार खाली लोंबला की कापड ओढलं जातं, एवढं साधं कारण. तरी मशीनच्या काखेत, म्हणजे सुई आणि उजवीकडचा खांब यांच्यामध्ये, जागा साडेसहा इंच. मोठ्या गोधडीची गुंडाळी त्यात फार तर एक तृतीयांश शिरते. म्हणून मी कडा आणि बाहेरच्या रेघा मशीनवर घालते आणि मधला भाग जमिनीवर पसरून हातानं धावदोरा. आजीही कडेनं सुरू करून आत आत जायची, तिच्याकडे मशीन नव्हतं एवढाच फरक. सुई सोळा नंबरची. चौदा नंबरची माझ्याकडे चार थरांत टिकली नाही. आणि लुगड्याचे काठ शक्यतो शिलाईच्या वाटेत घेऊ नका, काठात जरीची तार असली की सुई बोथटतेच.

आता त्या मिटण्याबद्दल.

नोव्हेंबरात रोज शिवत होते. डिसेंबरात आठवड्यातून तीनदा. जानेवारीच्या शेवटी लक्षात आलं की बारा दिवसांत टेबल उघडलेलंच नाही. वेळ नव्हता असं नाही. माझी शाळेच्या ऑफिसातली नोकरी अर्ध्या दिवसाची, दीडला घरी येते. दोन ते चार सासूबाई आडव्या होतात, तेव्हा आवाज नको. चार ते साडेपाच माझे. त्या दीड तासात पाय काढा, लावा, टेबल उचला, खिट्टी घाला, पलंगाखालून मशीन आणा, दोरा ओवा, दिवा लावा, इस्त्रीचं टेबल आणा. वीस मिनिटं यात. शेवटी आवरायला पंधरा. राहतं काय? आणि कापड जुळवून टाचण्या लावलेलं असलं तर ते घडी करून ठेवायचं म्हणजे सगळं सरकलं. पलंगाखालून काढताना जो कंटाळा यायचा तोच, फक्त आता ३,८०० रुपये देऊन.

बरं, जे टेबल उघडं असतं त्याचं काय होतं हेही सांगायला हवं. मोकळी सपाट जागा आमच्या घरात दहा मिनिटं मोकळी राहत नाही. मी चहा ठेवायला उठले की परत येईपर्यंत तिथे गवारीची पिशवी, हेल्मेट, मुलाचं भूमितीचं पुस्तक. एकदा तर निवडलेली मेथी माझ्या पांढऱ्या खणावर. कोणी मुद्दाम करत नाही. नवरा म्हणतो, "रिकामं दिसलं म्हणून ठेवलं." मिटणारं टेबल उघडलं की ते रिकामंच दिसतं, कारण त्यावर माझं असं कायम काही नसतंच.

मार्चमध्ये मी टेबल मिटणं बंद केलं. जाहीर वगैरे काही केलं नाही. एका संध्याकाळी आवरलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मशीन तिथेच, दोरा ओवलेला, गोधडी सुईखाली अर्धी. पाच दिवसांनी नवऱ्यानं विचारलं, "हे मिटतं ना?" मी म्हटलं, "मिटतं की." विषय तिथेच राहिला. तेव्हापासून त्यावर भाजी येत नाही. जायला वाट अरुंद झालीय, बाल्कनीत कपडे वाळत घालायला जाताना अंग चोरून जावं लागतं, आणि हे मी प्रामाणिकपणे तोट्यात धरते. सासूबाईंना त्याचा त्रास होतो. त्यांच्यासाठी बाहेरच्या पायाला टोकाशी रबर गुंडाळलंय, पाय आपटू नये म्हणून.

आता तो दीड तास खरंच दीड तास झालाय. कधी फक्त दहा मिनिटं मिळतात, तीही पुरतात. कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे एक रेघ होते.

किरकोळ गोष्टी भराभर सांगते. दिव्यासाठी पिवळा बल्ब नको. काळा आणि गडद निळा दोरा पिवळ्या उजेडात एकसारखे दिसतात, मी एक अख्खी कड निळ्यानं शिवलीय. ४००० केल्व्हिनचा, म्हणजे पांढरट उजेडाचा एलईडी, वाकणाऱ्या मानेचा, डावीकडून. उजवीकडून लावला तर आपल्याच हाताची सावली सुईवर पडते. मशीनखाली जुन्या योगा मॅटचा तुकडा घाला, खालच्या मजल्यावर आवाज कमी जातो, आमच्या खालच्या काकूंनी आपणहून सांगितलं. इस्त्री आणि मोटर एकाच बारीक वायरच्या एक्स्टेन्शनवर लावू नका. वायर गरम झाली तेव्हा कळलं.

पावसाळ्यात मात्र या टेबलानं खरा रंग दाखवला. जाहिरातीत ज्याला इंजिनिअर्ड वूड म्हणतात तो भुशाचा दाबलेला बोर्ड. जुलैत बाल्कनीतून दोन वेळा झड आत आली, त्या बाजूची कडेची पट्टी सुटली आणि बोर्ड फुगला. फुगलेला भाग परत बसत नाही, आणि तिथला स्क्रूही पुन्हा धरत नाही. तक्रार केली तर पाणी लागलं म्हणजे वॉरंटी नाही असं उत्तर आलं. मशीनवर गंज येऊ नये म्हणून रोज काम झाल्यावर तेलाचा फडका फिरवते, टाचण्या घट्ट झाकणाच्या डबीत. गोधडी जून ते सप्टेंबर धुवायची नाही हे सांगायला नको. ती वाळत नाही, नुसती कुबट होते.

घ्यावं का? मशीनसाठी, असं आहे तसं, नाही. हेच पैसे, म्हणजे टेबल, बसवणं आणि दुरुस्ती मिळून गेलेले ५,४५०, सुताराला दिले असते तर त्यानं १९ एमएम प्लायचं टेबल केलं असतं. आयएस ७१० हा भारतीय मानकाचा शिक्का असलेला (मरीन) प्लाय पाण्याला टिकतो, आयएस ३०३ मधला साधा एमआर प्लाय स्वस्त पडतो पण बाल्कनीजवळ नको. चार पायांचं, न मिटणारं, खाली कापडासाठी एक फळी. माझी चूक टेबल निवडण्यात झाली नाही, घरच्यांना काय सांगून मंजुरी घ्यायची त्यात झाली. लॅपटॉप, मुलांचा अभ्यास, कधीमधी इस्त्री यासाठी हे छान आहे. बिजागऱ्या अजून कुरकुरत नाहीत, वरचा मॅट पृष्ठभाग चांगला आहे, खडूच्या रेघा पुसल्या जातात. पाचात अडीच.

आजीची लुगडी मेमध्ये झाली. वरच्या बाजूला तिचं हिरवं, खाली विटकरी, मधे आईच्या दोन सुती साड्या. मुलगा ती पांघरून अभ्यास करतो, म्हणजे झोपतो.

गणपती तोंडावर आलेत. सासूबाईंनी यंदा मूर्ती याच टेबलावर बसवायचं ठरवलंय, बाल्कनीचा उजेड छान पडतो म्हणून. शाडूची, नऊ इंची, वजन मशीनच्या निम्मंही नसेल, त्यामुळे बोल्टची काळजी नाही. फुगलेली बाजू मूर्तीच्या मागे येईल असं बघून टेबलावर चादर घालू. मशीन पाच दिवस पलंगाखाली जाईल. सुईखाली एक दुपटं अर्धं आहे, ते कुठे ठेवायचं ते अजून ठरत नाहीये.