वसंतातल्या पहिल्या पेरणीसाठी मातीचा तापमापक

हिवाळा कडक असेल तेथे वसंतातली पहिली भाजी केवळ तारीख पाहून पेरणे फसवे ठरते, कारण दुपारचे ऊन अंगाला सुखावत असले तरी चार बोटे खाली माती अजून गारठलेलीच असते. बी रुजते ते त्या मातीच्या उबेवर. म्हणून वाफ्यात खुपसून ठेवायचा, तबकडी आणि लांब सळई असलेला साधा तापमापक मी घेतला आणि या हंगामातली पेरणी त्याच्याच भरवशावर केली.

त्याचा उपयोग किती मोठा आहे, हे वाटाण्यावरून चटकन लक्षात येते. माती ५ अंश सेल्सिअसवर असताना वाटाणा उगवायला महिन्याहून अधिक काळ घेतो, १० अंशांवर तेच काम साधारण दोन आठवड्यांत होते आणि २० अंशांवर आठवडा पुरतो. गाजराला तर ५ अंशांवर सुमारे ५० दिवस लागतात, आणि इतका काळ थंड, ओल्या मातीत पडून राहिलेले बी कुजण्याचीच शक्यता अधिक. पालक मात्र काटक असल्याने त्याला थोडे आधी पेरायला हरकत नाही. घेवडा आणि काकडी यांची घाई १५ अंशांच्या आत करूच नये. नोंद सकाळी, बी जितके खोल पेरायचे तितक्याच खोलीवर घ्यावी आणि आकडा सलग काही दिवस टिकला, मातीला वाफसाही आला, म्हणजे जास्तीचे पाणी निथळून ती ओलसर पण मोकळी झाली, की मगच पेरावे.

आता उणिवा. बर्फाच्या चुऱ्यात थोडे पाणी घालून सळई बुडवली, तेव्हा काटा शून्यावर यायला हवा होता, तो तीनवर थांबला. तबकडीमागची नट पान्याने किंचित फिरवल्यावर तो जागेवर आला. पण ही सोय असल्याचा उल्लेखसुद्धा माहितीपत्रकात नसावा, हे मला अक्षम्य वाटते, कारण वसंताच्या तोंडावर तीन अंशांची चूक म्हणजे पेरणीचा अख्खा निर्णयच चुकणे. काचेच्या आत दव धरते, आकडेही बारीक आहेत. काटा स्थिरावायला काही मिनिटे लागतात, ते चालण्यासारखे आहे.

सळई चांगली जाड आहे, तरी घट्ट चिकणमातीत ती जोराने दाबू नये. आधी पेचकसाने भोक पाडून मग अलगद सरकवावी.